तीन फूट मोकळी जागा

१

सकाळी साडेसहाला टँकर यायचा आणि नेमक्या त्याच वेळी मी उमाला उचलून परसात न्यायचो. ही वेळ मी मुद्दाम धरली होती. अख्खी कॉलनी घागरी घेऊन रस्त्याच्या तोंडाशी भांडत असली, की आमच्या परसाकडं बघायला कुणाला सवड नसायची.

लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष होतं आणि पावसानं दगा दिल्याचं दुसरं. जिल्हा झाला तेव्हा जो तो प्लॉट घ्यायला धावला. आम्हीही गावाबाहेरच्या या गृहनिर्माण सोसायटीत प्लॉट नंबर चौदा घेऊन तीन खोल्यांचं घर बांधलं. आम्हाला मूलबाळ नाही. मी सिद्रामप्पा, सरकारी मोजणी खात्यात चौतीस वर्षं मोजणीदार, आता निवृत्त. उमाबाई माझी बायको. मागच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिला अर्धांगाचा झटका आला आणि डावं अंग गेलं.

संडास परसाच्या टोकाला, घरापासून बावीस पावलं. साठीतला माणूस मी, पण वजनाची तक्रार नव्हती. ती उचलल्याबरोबर डोळे मिटून घ्यायची आणि परत खाटेवर टेकेपर्यंत उघडायची नाही, ते मला बघवत नव्हतं. पुढं लक्षात आलं, की ती पाणीच पीत नाही. विचारलं तर म्हणायची, "तहान न्हाई." ओठांना भेगा पडल्या तरी तहान न्हाई. सगळ्या जिल्ह्याचे ओठ पाणी नाही म्हणून सुकले होते, माझ्या बायकोचे लाजेनं. याचा मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

उपाय सोपा होता. तिची खोली घराच्या पूर्वेच्या कडेला. तिथं भिंतीत दार पाडायचं आणि भिंत व कंपाउंड यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यात छोटी न्हाणी आणि संडास बांधायचा. अडचण एकच. सोसायटीचा पोटनियम एकवीस सांगतो, की प्रत्येक घराच्या दोन्ही बाजूंना तीन फूट जागा मोकळी सोडावी आणि तीत काही बांधू नये. कागदोपत्री याला सामासिक अंतर म्हणतात. मी रीतसर अर्ज लिहिला, नकाशा जोडला, डॉक्टरचा दाखला जोडला.

२

सोसायटीचा चेअरमन महादेवप्पा. गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्याची आडत. गादीवर बसूनच तो सोसायटी चालवायचा. माझा अर्ज त्यानं पूर्ण वाचला, हेच मला नवल वाटलं, कारण एरवी तो वाचत नाही, सही करतो.

"सिद्रामप्पा, समोर दुकान काढा, मी सही देतो. वर माडी चढवा, सही देतो. ह्या पट्ट्याला मातर हात लावू नका."

"काहून?"

"नियम हाय."

"नियम तुमच्या गोदामाला न्हाई का? लेकरांच्या बगिच्याच्या जागेत तुमची तूर भरलीय."

"ते येगळं," तो म्हणाला. त्याला लाजही वाटली नाही. "बगिच्याचं काय, सरकार कधी बघायला येतंय? हे अंतर मातर जसं हाय तसं ऱ्हाऊ द्या. वहिनीसाठी मी बाई लावून देतो, उचलून न्यायला."

"माझी बायको म्हणजे पोतं हाय का?"

महादेवप्पा गादीवरून पुढं वाकून हळू आवाजात म्हणाला, "अजून एक ऐका. बांधणार असाल तर माझ्या माघारी बांधा. पण अदमासानं बांधा. फीता लावत बसू नका."

चौतीस वर्षं ज्यानं फीता आणि साखळी सोडून दुसरं काही हातात धरलं नाही, त्याला हा तूर विकणारा सांगतो की फीता लावू नका. चोराच्या मनात चांदणं. मी समजलो, की यानं कुठं ना कुठं जागा दाबलीय आणि मोजली की उघडी पडणार.

घरी आलो तो तडक टेबलाशी बसलो. नव्या जिल्ह्याच्या मोजणी कार्यालयाला सविस्तर अर्ज केला, की सदर सोसायटीत अतिक्रमणं झाली असून सबंध सोसायटीची सरकारी मोजणी व्हावी. उत्तर आलं नाही तेव्हा स्मरणपत्र पाठवलं. पुढच्या चार महिन्यांत आणखी दोन पाठवली. प्रत्येक पत्राच्या शेवटी मी लिहायचो, "सदर मोजणी कोणत्याही कारणास्तव रद्द करू नये." महादेवप्पानं वजन वापरून ती थांबवू नये म्हणून.

३

मी बांधलं. चंद्रप्पा गवंडी निलंग्याकडचा, कामाला हुशार आणि तोंडाचा कमी. फेब्रुवारीत काम काढलं. कालवायला पाणी नव्हतं, तर आंघोळी बंद करून टँकरच्या पाण्यातल्या दोन घागरी रोज बाजूला ठेवल्या.

पहिल्या दिवशी मी फीता काढला. खरं सांगायचं तर घर बांधताना तो पट्टा कुणी मोजला नव्हता, गवंड्यानं पावलं टाकून सोडला होता. घराची भिंत ते कंपाउंड, मी स्वतः धरून मोजलं. बरोबर तीन फूट. दोरा इकडं नाही की तिकडं नाही. पावलांनी सोडलेली जागा इतकी नेमकी असत नाही, पण मला तेव्हा आनंदच झाला.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे उमाच्या खाटेशेजारी खुर्ची टाकून बसलो. पाय लांब केले तर ते समोरच्या पेटीला लागले. रोज लागत नसत. वाटलं, झाडताना कामवाल्या बाईनं पेटी पुढं ओढली असेल.

काम आठ दिवस चाललं. मोजणीदाराच्या घरचं काम ते. पाया मोजला, भिंत मोजली, रोज सकाळी अंतर मोजलं. चंद्रप्पा एकदा म्हणाला, "अप्पा, रोज रोज का मोजायलाव? भित्त काय चालत जाणार हाय का?" मी त्याला म्हणालो, तू तुझं काम कर. सहाव्या दिवशी खुर्ची खाटेच्या आणि पेटीच्या मध्ये बसेना. मी बाईवर ओरडलो. तिनं शपथ घेतली, की पेटी हात लावून हलवली नाही, तीत उमाची लुगडी आहेत, ती एकटीला हलतही नाही.

४

न्हाणी झाली. अडीच फूट रुंद, सहा फूट लांब, आत संडास, नळाच्या जागी पिंप. उमा उजव्या हातानं खाटेची दांडी, मग दाराची चौकट, मग भिंतीतली कडी धरून एकटी आत गेली. दार लावून घेतलं. मी बाहेर उभा होतो. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला आणि मग ती हसल्याचा. पोळ्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता.

बाहेर येऊन खाटेवर बसली आणि म्हणाली, "तांब्या द्या की." मी दिला. तिनं तो एका दमात संपवला आणि म्हणाली, "अजून द्या." मी दुसरा दिला. मला रडायला आलं ते मी लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाहेरून गिलावा बघायला गेलो. न्हाणीची बाहेरची भिंत कंपाउंडला लागून बांधली होती. चंद्रप्पानं एका बाजूनं गिलावा करायला जागा नाही म्हणून कुरकुर केलेली मला आठवत होती. मी बघितलं तर न्हाणी आणि कंपाउंड यांच्यामध्ये मोकळा पट्टा होता. ऊन त्यात सरळ खाली पडत होतं. बाहेरच्या अंगाला स्वच्छ गिलावा होता, चंद्रप्पाच्या थापीचा.

फीता लावला. तीन फूट.

उन्हानं डोकं फिरलं असेल, असं मनाला सांगितलं आणि आत येऊन पाणी प्यालो. पुन्हा जाऊन लावला. तीन फूट.

मग मी कागद घेतला. आकड्यांशी माझं कधी भांडण झालेलं नाही. प्लॉटची रुंदी चाळीस. ती मोजली, चाळीसच होती. पश्चिमेचं अंतर तीन. दोन खोल्या भिंतींसह चोवीस. न्हाणी भिंतीसकट तीन. पूर्वेचं अंतर तीन. उरली उमाची खोली. नकाशात ती दहा फूट होती. आता मोजली, तर पाच.

बेरीज अडतीस आली. पूर्ण चाळीस, आणि तुकडे अडतीस. माझी चूक असेल म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं नव्यानं मोजलं. त्या दिवशी साडेसदतीस आली.

५

पलीकडच्या प्लॉट पंधरामध्ये केवळाबाई राहायच्या. ग्रामसेविका म्हणून निवृत्त झालेल्या, विधवा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिसऱ्या दिवशी मी पट्ट्यात फीता घेऊन वाकलेलो असताना त्या कंपाउंडच्या पलीकडून बोलल्या.

"भाऊ, मोजायलाव का?"

"मोजतोय."

"नका मोजू."

मी उठून उभा राहिलो. त्या भिंतीला टेकल्या नव्हत्या, दोन हात लांब उभ्या होत्या.

"आमच्या घरात चार खोल्या हुत्या. आता तीन हायेत. मालक होते तवा कपाट करायचं म्हणून त्यांनी आठ दिवस माप घेतलं. ह्या अंगाला देवघर हुतं आमचं. देवघर गेलं. माणूस न्हाई गेलं म्हणून गप बसलो."

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"सगळ्यांना ठावं हाय, भाऊ. महादेवप्पाला पहिल्यापासून ठावं. सांगितलं तर कोण घेईल हितला प्लॉट? आम्ही कुणी मोजत न्हाई, बस. पावलांनी सोडतो आन् तिकडं पाठ करतो. तुम्ही मोजणीदार, तुम्हाला कोण सांगावं? वाटलं, तुमचीच जमीन, तुम्हालाच ठावं आसंल."

तुमचीच जमीन, हे खरं होतं. कारण ती मीच मोजली होती.

ब्याऐंशी साल. जिल्हा जाहीर झालेला, नगररचनेकडं नकाशा दाखल करायला दोन दिवस उरलेले आणि महादेवप्पा माझ्या दारात. या ओळीत आठ प्लॉट, प्रत्येकी चाळीस फूट, म्हणजे तीनशे वीस. माझी साखळी दोनशे शहाण्णवला संपली. दर प्लॉटला तीन फूट तूट. कुठलाही मोजणीदार सांगेल, अशी तफावत आली की फेरमोजणी करायची, किंवा मग मेळ घालायचा. मेळ घालणं म्हणजे तूट अशा ठिकाणी वाटून द्यायची, की जिथं कुणी बघणार नाही. मी ती सामासिक अंतरात वाटली. तिथं कुणी बांधणार नाही, कुणाचं काही जाणार नाही, असा हिशेब. हद्दीचे दगड रोवायलाही मी गेलो नाही. नकाशा मंजूर झाला. खाली माझी सही आहे.

म्हणजे त्या पट्ट्यात जमीन कधी नव्हतीच. मंजूर होती, पण नव्हती. मी फीता लावायचो तेव्हा ती मला तीन फूट काढून दाखवायची. कुठून काढायची, ते आता मला कळलं.

मला भीती वाटायला हवी होती. मला राग आला. महादेवप्पाचा आला, केवळाबाईंचा आला, आणि बत्तीस घरांत माणसं असून एकानंही तोंड उघडलं नाही याचा आला. स्वतःचा राग यायला आणखी दोन दिवस लागले.

६

फीता मी परसातल्या आडात टाकला. आड कोरडा होता, खाली पडल्याचा खळकन आवाज आला.

त्यानंतर खोली घटली नाही. पाचाची साडेचार झालेली, तेवढ्यावर थांबली. खाट तीन फुटांची, दीड फूट वावरायला. मी उमाला म्हणालो, तू मधल्या खोलीत चल.

"आन् संडासला?"

"नेईन मी. पहिल्यासारखं."

तिनं माझ्याकडं बघितलं. "न्हाई. मला हितंच बरं हाय. दाटी झाली तर झाली. हितं माझी मी जाते."

मी तिला सगळं सांगितलं, सहीसकट. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मोजू नका म्हणजे झालं. सोपं तर हाय." मलाही ते सोपं वाटलं. आमचे ते दोन महिने चांगले गेले. ती पाणी पीत होती, गालावर थोडं मांस आलं, शिवलिंगाची पूजा खाटेवर बसून स्वतः करत होती. मी दीड फुटाच्या जागेत चटई टाकून तिच्याजवळ निजायचो.

मे महिन्यात खाकी लिफाफा आला. माझ्या अर्जांची दखल घेऊन सबंध सोसायटीची सरकारी मोजणी येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता करण्यात येईल, सर्व प्लॉटधारकांनी हजर राहावं.

मी त्याच दिवशी कार्यालयात गेलो. तिथले साहेब माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, नवीन इमारत, नवीन खुर्च्या. मी म्हणालो, माझी तक्रार मी मागं घेतो. त्यांनी फाईल उघडून माझीच चार पत्रं माझ्यापुढं ठेवली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "आजोबा, तुम्हीच लिहिलंय, कोणत्याही कारणास्तव रद्द करू नये. आता वरिष्ठांची मंजुरी आली. मंजुरी आली की रद्द होत नाही."

मी तिथं आवाज चढवला. शिपायानं मला बाहेर आणून बाकावर बसवलं.

७

सोमवारी सकाळी उमाशी ठरलं. दहाला मी तिला मधल्या खोलीत नेणार, मोजणी संपेपर्यंत ती तिथंच बसणार.

"दहाला न्या," ती म्हणाली. "तवर मी डोकं धुऊन घेते. चार दिवसांचं पाणी साठलंय." तिनं शिकेकाईची वाटी घेतली आणि भिंत धरत न्हाणीत गेली.

नऊला मी महादेवप्पाकडं निघालो. त्याच्या दुकानात फोन होता, कलेक्टर कचेरीत ओळख होती. वाटलं, शेवटचा प्रयत्न करावा. त्यानं माझ्यादेखत दोन फोन केले. दोन्हीकडं साहेब जाग्यावर नव्हते. "दहाच्या आत वहिनीला बाहेर काढा," तो म्हणाला. "बोलू नका माझ्याशी, जावा."

पावणेदहाला परत आलो तर दारात जीप उभी होती.

चौतीस वर्षांच्या नोकरीत सरकारी माणूस वेळेआधी आलेला मी पाहिला नव्हता. तो त्या दिवशी आला. शेषेराव, माझ्याच हाताखाली काम शिकलेला, आता स्वतः मोजणीदार. घराच्या पूर्वेच्या अंगाला तो गुडघ्यावर बसला होता आणि फीत्याचं दुसरं टोक कंपाउंडला लावलेलं होतं.

"नमस्कार सर," तो उठत म्हणाला. "म्हणलं उन्हाच्या आत सुरू करावं. आन् तुमचं घर, म्हणून पहिला नंबर तुमचाच."

"किती?" मी विचारलं. का विचारलं ते ठाऊक नाही.

"तीन फूट, सर. दोरा इकडं तिकडं न्हाई. अतिक्रमणाची तक्रार हुती न्हवं का? हितं तर काहीच न्हाई."

तिथं काहीच नव्हतं. घराची सपाट जुनी भिंत होती, आणि कंपाउंडपर्यंत मोकळी जागा.

मी आत धावलो. मधली खोली जशीच्या तशी होती. उमाच्या खोलीचं दार मधल्या खोलीकडं उघडतं, ते मी ओढलं. चौकटीच्या पलीकडं लगेच भिंत होती. चुना दिलेली, खिळ्याला बाजारसमितीचं कॅलेंडर. ते मीच तिच्या खाटेसमोर, पूर्वेच्या भिंतीला लावलं होतं. भिंतीच्या बुडातून उंबऱ्यावर पाणी येत होतं, तपकिरी, फेसाळ. शिकेकाईचा वास येत होता.

चौकट आणि भिंत यांच्यामध्ये उजव्या बाजूला फट होती. तिच्यातून उमाचा आवाज आला, रोजच्यासारखा.

"आवं, दार कुणी लावलं? अंधार झालाय."

८

चंद्रप्पाला बोलावलं. त्यानं बाहेरून भिंत फोडायला घेतली. चार विटा काढल्या तर आरपार मधली खोली दिसली, आणि ऊन आत पडलं. मध्ये काही नव्हतं. भिंतीची जाडी नऊ इंच, तेवढीच. पण पहार लागली तशी फटीतून ती ओरडली, "फोडू नका, मला लागायलंय." चंद्रप्पानं पहार टाकली. विटा परत बसवताना त्याचे डोळे वाहत होते. मजुरी घ्यायला तो पुन्हा आला नाही.

पोलिसांत जावं म्हणालो तर महादेवप्पा माझ्या पाया पडला. "पंचनामा म्हणलं की पहिलं काय करतेत? जागेचं माप घेतेत. विचार करा." मी विचार केला आणि घरी आलो. सोसायटीत सांगितलंय, की उमाबाई माहेरी गेल्या. सगळे मान डोलावतात. कुणी कुठलं माहेर, विचारत नाही.

पंधरवड्यानं सोसायटीचं पत्र आलं. सरकारी मोजणीत प्लॉट चौदाच्या सामासिक अंतरात कोणतंही बांधकाम आढळलं नसल्यानं सोसायटीची काही हरकत नाही. सोबत ना-हरकत दाखला, शिक्क्यानिशी. ज्या दाखल्यासाठी मी पाच महिने भांडलो तो हा. मी तो फाडला आणि नंतर तुकडे गोळा करून ठेवले, कारण पुढच्या अर्जाला तो जोडावा लागतो.

पुढचा अर्ज मी केलाय. मूळ मोजणी चुकीची होती, चूक माझी होती, तीनशे वीस नव्हे तर दोनशे शहाण्णव, मंजूर नकाशा दुरुस्त करावा, मला काय शिक्षा असेल ती द्यावी. चौतीस वर्षांत असा कबुलीजबाब कुणा मोजणीदारानं दिला नसेल. शेषेराव स्वतः उत्तर घेऊन आला. त्याला काही माहीत नाही, त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही, तरी मी रागावलो. "सर, दुरुस्ती म्हणलं की फेरमोजणी आलीच," तो म्हणाला. "तारीख कळवतील." मी अर्ज परत मागितला. तो वर गेलेला आहे.

तेव्हापासून मी दारात बसून असतो. जीप दिसली की उठतो. केवळाबाई दोन्ही वेळचं जेवण आणून देतात आणि आत न येता जातात.

उमा आहे. फटीतून तिचा उजवा हात येतो. मी फुलपात्र भरून देतो, ती ते आत नेते आणि रिकामं परत देते. पाणी भरपूर पिते. जेवायला मागत नाही. तिथं काय आहे असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "नका इचारू." खाट आहे का, विचारलं. "उभी हाय मी," म्हणाली.

परवा दुपारी फुलपात्र परत घेताना मी तिचा हात धरला आणि दुसरा हात चौकटीला टेकवला. बोटं आपोआप फटीत गेली. एक, दोन, तीन, चार. चार बोटं. कळलं तेव्हा हात मागं घेतला, पण आकडा डोक्यात येऊन गेला होता. साठ वर्षांचा हात, त्याला दुसरं काही येत नाही.

काल सकाळी फुलपात्र अडकलं. मी चमच्यानं पाणी दिलं. एक तांब्या संपवायला दोन तास लागले. तिचा हात आता मनगटापर्यंतच येतो.

"आवं," ती आतून म्हणाली, "अजून किती जागा ऱ्हायलीय?"

मी फटीकडं पाठ केली आणि डोळे मिटले.

"लई हाय," मी म्हणालो. "लई हाय, उमा."